लग्नाला गोड काय करावे?

लग्न ठरले की घरात पहिला वाद दागिन्यांचा आणि दुसरा जेवणाचा. वरण, भात, भाजी यांवर कोणी भांडत नाही. भांडण होते ते गोडावर. व्याही काय म्हणतील? भाऊबंद काय म्हणतील? मागच्या साली अमक्याने काय केले होते? या 'काय म्हणतील'पायी माणूस उसनवारी करतो.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. थोरल्या पुतणीचे लग्न वैशाखात होते. आचारी म्हणाला, "गुरुजी, बुंदी करू. सोपी पडते." आम्ही म्हटले, "हेडमास्तरांच्या घरचे लग्न, अन् बुंदी?" बासुंदीचा हट्ट आम्हीच धरला. आदल्या रात्री दूध आटवले आणि मोठाल्या पातेल्यांत झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली. पंगत बसायला तीन वाजले. वाढण्याआधी आम्ही बासुंदी पुन्हा उकळून घेतली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पाच वाजता एका पोराला वांती झाली. दिवे लागेपर्यंत मांडवात तीस-पस्तीस माणसे आडवी! डॉक्टर आले, सलाईन लावले. कोणी दगावले नाही, एवढेच नशीब. नवरीची पाठवणी त्या गोंधळातच झाली. व्याही एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

असे का झाले? डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले. माणसाच्या नाकात, हातावरच्या फोडात, जखमेत एक प्रकारचे जंतू असतात. ढवळताना, गाळताना ते दुधात जातात. मोठे पातेले लवकर निवत नाही. रात्रभर आतले दूध कोमट राहते, आणि कोमटपणा तर जंतूंना मानवतो. ते वाढतात आणि अन्नात विष सोडतात. दूध पुन्हा उकळले की जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. चवीला फरक कळत नाही, वासही येत नाही. म्हणून बासुंदी, रबडी, खव्याची मिठाई, रसमलाई हे पदार्थ उन्हाळ्यातल्या मोठ्या पंगतीला जोखमीचे. बर्फाची किंवा फ्रीजची पक्की सोय असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

मग लाडू का टिकतो? त्यात पाणी थोडे आणि साखर पुष्कळ. जंतूंना वाढायला ओल लागते, ती साखर धरून ठेवते. आपल्या बायामाणसांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. रुखवतात लाडू, करंज्या, चिरोटे, अनारसे मांडतात. बासुंदी कोणी मांडत नाही!

आता खेडेगावातही लग्नात केक कापायची हौस आली आहे. गोव्यात आणि वसईकडे ख्रिस्ती घरांत लग्नाला केक असतोच, तो त्यांचा रिवाज आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे लग्न १८४० साली झाले. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १३६ किलोंचा होता. पण तिकडचा जुना केक सुक्या मेव्याचा. तो इतका टिके की त्यातला भाग पहिल्या मुलाच्या बारशापर्यंत राखून ठेवीत. आपल्याकडे मांडवात येतो तो मलईचा केक. मे महिन्यात तो मांडवात वितळतो, आणि दुधाची मलई असेल तर बासुंदीसारखाच नासतो. हौस असेल तर लहानसा आणावा, थंड ठेवावा, आणि कापला की लगेच संपवावा. घरी अंडे चालत नसेल तर खोक्यावर हिरवा ठिपका आहे का ते पाहावे.

आता लाडवाचा हिशेब. हा कागदावर मांडावा, आचाऱ्याच्या तोंडी हिशेबावर राहू नये. पाने ३००. माणशी लाडू २. म्हणजे लाडू ६००. एक लाडू ५० ग्रॅमचा धरला तर ३० किलो झाले. त्याला डाळीचे पीठ सुमारे १० किलो आणि साखर १५ किलो लागते. तूप किंवा तेल पाच-सहा किलो मुरते, कढईत मात्र जास्त ओतावे लागते. उरलेले गाळून ठेवावे. ते फार काळे झाले असेल तर टाकावे. आता बासुंदी पाहा. माणशी एक वाटी म्हटली तरी ३०० पानांना नव्वद-शंभर लिटर दूध आटवावे लागते, वर साखर, जळण आणि रात्रभराचे जागरण. तुमच्या गावच्या भावाने दोन्ही हिशेब करून पाहा, फरक दिसेल.

हरभऱ्याची डाळ निवडून गिरणीतून आपणच दळून आणावी. पीठ भिजवले की पहिली बुंदी पाडून पाहावी. चपटी झाली तर पीठ पातळ आहे. शेपटी आली तर घट्ट आहे. पाक एकतारी हवा. गरम बुंदी पाकात मुरवावी आणि कोमट असताना लाडू वळावे. हात स्वच्छ धुऊन कोरडे करावे. ज्याच्या हाताला फोड किंवा जखम आहे त्याला दुसरे काम द्यावे, मग तो सख्खा मामा का असेना. लाडू पुरते निवल्यावरच डबा झाकावा, नाहीतर वाफेचे पाणी सुटते. असे लाडू सात-आठ दिवस राहतात. वळायला माणसे नसतील तर सुटी बुंदी द्रोणात वाढावी. त्यात कमीपणा कसला?

रंगाविषयी मात्र बजावून सांगतो. सुट्या पुडीतला पिवळा रंग घेऊ नका. मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग कोणी कोणी मिठाईत घालतात. खाण्यात त्याला कायद्याने मनाई आहे. आचारी म्हणेल, "रंगाशिवाय उठाव नाही." त्याला चिमूटभर हळद द्या.

मिठाई दुकानातूनच आणायची असेल तर ताटाजवळची चिठ्ठी वाचा. सुटी मिठाई कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून झाला होता. चिठ्ठी नसेल तर दुकानदाराला विचारा. आता वाचता येते तर विचारायला लाजू नका.

धाकट्या पुतणीच्या लग्नात आम्ही बुंदीचे लाडू केले, तेही दोन दिवस आधी. वऱ्हाड याही खेपेला उशिराच आले. पण त्याची आम्हांला काळजी नव्हती. उरलेले लाडू शिदोरीला बांधून दिले. थोरलीचे सासरेही आले होते. त्यांनी जाताना आणखी दोन मागून घेतले.