निबंध विद्यार्थ्याचा की यंत्राचा?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि अमेरिकेतील माध्यमिक शाळांत गृहपाठाच्या खरेपणाचा प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या संगणकांवर त्यास बंदी घातली. मे महिन्यात ती मागेही घेतली. दरम्यान, यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने पुढे आली. मात्र खुद्द 'ओपनएआय'चे असे साधन जेमतेम २६ टक्के यंत्रलिखित मजकूर ओळखू शकले. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केले.

पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे अशी साधने प्रामुख्याने मोजतात. त्यामुळे साधी, सरळ वाक्ये त्यांना यंत्राची वाटतात. गोम इथेच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे 'टोफेल'चे ९१ निबंध सात साधनांकडून तपासून घेतले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले! अमेरिकी आठवीतील मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे निर्दोष सुटले. परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्या मुलावरच, मग ते घरी मराठी बोलणारे का असेना, चोरीचा आळ येण्याची भीती अधिक. आणि कच्चे खर्डे जपले नसतील, तर तो खोडून काढणेही कठीण.

म्हणूनच काही शिक्षक निबंधाबरोबर खर्डेही मागतात, वर्गातच लिहून घेतात किंवा लिहिलेल्यावर दोन प्रश्न विचारतात. 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट'ने २०२३ मध्ये सरसकट बंदी नाकारली. यंत्राचा मजकूर घेतल्यास अवतरणाप्रमाणे त्याचा उल्लेख करावा, असे तिचे म्हणणे. तो स्वतःचा म्हणून खपवणे हा मात्र गैरप्रकारच.