मुख्याध्यापकाच्या सहीचे मोल

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. परंतु १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि कालव्याखालचा बागाईत मुलूख व सुपे-मोरगावकडचा जिरायत मुलूख अशी जी विभागणी दृढ झाली, तिची छाया शेतांवर जशी पडली तशीच ती शाळांच्या हजेरीपटांवरही पडली. कालव्यामागून ऊस आला, उसामागून वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथील कारखाने आले आणि कारखान्यांच्या आश्रयाने विद्यालये उभी राहिली. जिरायत वाडीवरच्या मुलीला मात्र सातवी-आठवी झाली की पुढच्या शाळेसाठी एस.टी.च्या थांब्यावर ताटकळावे लागले. या दोन्ही मुलखांत ज्याच्या सहीवाचून मुलाचे शिक्षण पुढे सरकत नाही, तो अधिकारी म्हणजे शाळेचा मुख्याध्यापक होय.

या प्रदेशातील शिक्षणाची परंपरा संस्थांनी घडविली आहे. बारामतीत विद्यालय चालविणाऱ्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची मुहूर्तमेढ १८६० साली पुण्यात वामन प्रभाकर भावे, वासुदेव बळवंत फडके व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांनी रोवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहाचे दार उघडले. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि १९७२ साली, महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना, विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. संस्थापकांची नावे पाटीवर राहतात व ती राहावीतच. पण संस्थेचा हेतू वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत आणून पोहोचविण्याचे काम रोज सकाळी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी हजर होणाऱ्या मुख्याध्यापकानेच केलेले असते.

त्या खुर्चीपर्यंतचा मार्ग दीर्घ आहे. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढल्यावर सहशिक्षक, त्यानंतर पर्यवेक्षक, मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापक आणि सरतेशेवटी मुख्याध्यापक, असा तो क्रम. खाजगी शाळांतील सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी या पदासाठी पदवी, अध्यापनाची पदवी व किमान पाच वर्षांचा अनुभव आवश्यक ठरविला. प्रत्यक्षात निर्णय होतो तो सेवाज्येष्ठतेने. परिणामी पुष्कळांना हे पद पन्नाशी उलटल्यावर लाभते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती असल्याने हाती उरतात ती मोजकीच वर्षे. त्यांतही शिक्षकपदांची संचमान्यता, वेतनबिले, वेतनेतर अनुदानाचा हिशेब, तपासणीचे दप्तर आणि वरून येणाऱ्या परिपत्रकांची उत्तरे यांत दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. अशा स्थितीत उत्तम मुख्याध्यापक ओळखावा कसा? माझे उत्तर असे की, दप्तराने दिलेला अधिकार जो मुलाच्या बाजूने वापरतो, तो.

याचे प्रत्यंतर दरवर्षी गाळपाच्या हंगामात येते. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात, आणि आईबाप पहाटे फडात गेल्यावर थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन मागे राहते. अशी मुलगी शाळेच्या आवारात आली तर तिच्याजवळ दाखला नसतो, जन्मतारखेचा पुरावा नसतो आणि चार-पाच महिन्यांत ती परत जाणार हे सर्वांना ठाऊक असते. केवळ कागदावर नजर ठेवणाऱ्याला हिला नाकारणे सोपे; परंतु १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षण हक्काचा कायदा असे सांगतो की वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडविता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयास साजेशा वर्गातच बसविले पाहिजे. ज्या मुख्याध्यापकाला हे पाठ आहे तो प्रथम मुलीला वर्गात बसवितो, धाकट्याला अंगणवाडीत पाठविण्याची तजवीज करतो आणि पत्रव्यवहार मागाहून करतो.

तथापि या कायद्याचे छत्र सहा ते चौदा या वयापुरतेच आहे, आणि माझ्या मते मुख्याध्यापकाची खरी कसोटी त्या चौदाव्या वर्षानंतर लागते. नववीत गणित अवघड जाऊ लागते; दहावीत एक-दोन विषय राहतात; बाप म्हणतो, चल रानात; औद्योगिक वसाहतीत रोजंदारी खुणावते; मुलीसाठी स्थळे येऊ लागतात. शाळेचा कायदेशीर संबंध जेथे सुटतो नेमक्या त्याच वळणावर तरुण आयुष्य कोणत्या दिशेला जाईल हे ठरते. पुरवणी परीक्षेचा अर्ज वेळेत भरून घेणे, शाळा सुटलेल्याला खाजगीरीत्या परीक्षेला बसण्यासाठीच्या सतरा नंबरच्या फॉर्मची वाट दाखविणे, मुलींच्या मोफत एस.टी. पासाच्या कागदांवर पहिल्याच आठवड्यात सही-शिक्का करून देणे, ही कामे वरवर पाहता कारकुनी वाटतात. पण त्यांतले एक जरी लांबणीवर पडले तरी एखाद्या वाडीवरच्या मुलीचे वर्ष, आणि कित्येकदा तिचे शिक्षणच, कायमचे बुडते.

युवकविकास या शब्दाने जे व्यापक कार्य अभिप्रेत आहे, त्याचा पायाही येथेच घातला जातो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत व सात दिवसांच्या शिबिरात एखाद्या गावी राहावे, असा दंडक पडला. भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यास सुरू केलेल्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेने श्रमाला विद्येच्या पंक्तीस बसविले. या योजना अहवालापुरत्या राहतात की तरुणांच्या अंगी मुरतात, हे महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या, म्हणजे प्राचार्याच्या, वृत्तीवर अवलंबून असते. नीरेपलीकडे फलटणला मुधोजी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारे शिवाजीराव भोसले पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी महाराष्ट्राने त्यांना अखेरपर्यंत ‘प्राचार्य’ याच नावाने ओळखले. तालुक्याच्या गावी राहून गावोगावच्या तरुणांशी विवेकानंदांविषयी बोलता येते आणि ते बोलणे त्यांच्या अंतःकरणात रुजते, याचा तो वस्तुपाठ होता.

शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते, आणि ते दप्तर इतके चिवट असते की जातपडताळणीच्या वेळी नातवंडे आजोबांची नोंद शोधीत येतात. उजनी धरणाचे पाणी चढले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी गावे नव्या गावठाणात गेली. गावाची जागा बदलली, तरी शाळेतल्या नोंदीवाचून कोणाचे चालले नाही. माझी सूचना इतकीच आहे की, या दप्तरात आणखी एका वहीची भर पडावी: चौदा ते अठरा या वयात शाळा सोडून गेलेला प्रत्येक विद्यार्थी आज काय करतो, याची. निकालाची टक्केवारी उत्तीर्ण झालेल्यांचा हिशेब देते. ही वही उरलेल्यांचा देईल. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकाने आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या स्वाधीन चाव्या, शिक्के आणि रोकडवही यांच्यासमवेत ही वहीही करावी, व्यवस्थापनाने ती मागून घ्यावी, आणि त्याच्या सेवेचे मूल्यमापन करताना निकालाच्या तक्त्याआधी ती वाचावी.