मंगळावरची पडकी भिंत

दिवाळी जवळ आली की घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. मोठ्यांचा प्रश्न चकलीचा, आणि मुलांचा प्रश्न किल्ल्याचा. पहिल्यात माझे मत कुणी विचारीत नाही. दुसऱ्यात मात्र यंदा मी आपणहून पडलो.

नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत आम्ही सुटीला लातूरच्या घरी आलो. चिरंजीव आठवीत आहेत. मी उत्साहाने म्हणालो, "चल, यंदा रायगड करू."

"रायगड सगळेच करतात, बाबा. मला मंगळ करायचाय."

मराठीच्या प्राध्यापकाने यावर काय बोलावे? खरे पाहता मातीच्या किल्ल्याची हौस मुख्यतः पुणे, सातारा, कोल्हापूरकडची. आमचे कंधार, उदगीर, औसा हे सारे भुईकोट. सपाट जमीन, तट आणि भोवती खंदक. मातीच्या ढिगाऱ्यावर ते शोभत नाहीत. पण मेजावर छान बसतात. आणि चिरंजीवांना मंगळ हवा होता तो मेजावरच.

हा मंगळ म्हणजे खेळाची रणभूमी. बोटाच्या पेराएवढे, २८ मिलिमीटर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचे आणि सैनिक पुढे सरकवायचा. भिंतीआडचा शत्रू त्याला दिसतो की नाही, हे ठरवायला आपण वाकून त्या सैनिकाच्या डोळ्यांच्या पातळीवर जायचे. खेळ नवा वाटतो, पण वंशावळ जुनी आहे. मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीची कादंबरी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आणणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. पुढे १९८७ मध्ये इंग्लंडात 'वॉरहॅमर ४०,०००' हा दूरच्या भविष्यातील युद्धाचा खेळ निघाला, आणि पडकी नगरे, यंत्रांचे सांगाडे करून रंगविणे हा अनेकांचा स्वतंत्र छंदच होऊन बसला.

आमच्या नगरासाठी सामान घरातच निघाले. नव्या फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोल, बुटांचे पुठ्ठे, औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, बाटल्यांची झाकणे, मेलेल्या रिमोटचे पोट. गोळ्यांचे पाकीट उलटे चिकटवले की यंत्रघराचा पत्रा तयार! फजितीही झाली. फवाऱ्याचा रंग मी थेट थर्माकोलवर मारला आणि डोळ्यांदेखत भिंत विरघळू लागली. त्या रंगातले द्रावण थर्माकोल खाते, हे ज्ञान मला एका बुरुजाच्या मोबदल्यात मिळाले. मग आधी फेव्हिकॉलने कागदाचा थर, त्यावर काळा पाण्याचा रंग. तो वाळल्यावर राखाडी रंगाचा जवळजवळ कोरडा कुंचला नुसता कडांवरून फिरवायचा. कडा उजळतात, खाचा काळ्या राहतात, आणि पुठ्ठा क्षणात दगड होतो.

मंगळाच्या लाल मातीचे काय? ती आमच्या आत्याने दिली. तुळशीवृंदावनासाठी आणलेला गेरू तिने मूठभर वाटीत घातला. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि मंगळाची लालीही त्याच जातीची. खाली चाळलेली वाळू, वर गेरूची धूळ. मेज पाहता पाहता परग्रह झाले.

इथवर सगळी मौज होती. मग चिरंजीवांनी विचारले, "बाबा, पडलेली भिंत कशी दिसते? मी कापली की ती कापल्यासारखीच दिसते."

मी काही वेळ बोललो नाही. पडलेली भिंत कशी दिसते, हे मला ठाऊक होते.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मी अकरा वर्षांचा होतो. हजारो माणसे गेली. आमची आत्या औसा तालुक्यातल्या खेड्यातली. तिचे घर गेले, आणि घरातले दोघे गेले. त्या वर्षी दिवाळी सहा आठवड्यांनी आली. मोठ्यांना भान नव्हते. मी आपला अंगणात दगड-मातीचा किल्ला रचत बसलो. आत्या बाहेर आली. ओरडली नाही. खाली बसून तिने एकेक दगड काढून बाजूला ठेवला. "माती राहू दे, बाळा. दगड नको." त्यानंतर मी किल्ला केला नाही.

मी मुलाला सांगितले. आपल्याकडच्या जुन्या भिंतीला दोन्ही अंगांनी दगड असत, मध्ये खडी-मातीची भर, आणि चुन्याऐवजी मातीचाच सांधा. दोन्ही अंगांना बांधून धरणारा लांब दगड बहुधा नसे. वर माळवदाची जाडजूड माती. जमीन हादरली की भिंतीची एक बाजू आत कोसळे, दुसरी बाहेर, आणि माळवद माणसांवर येई. कडेला दरवाजाची लाकडी चौकट मात्र एकटीच उभी राहिलेली दिसे. सैनिक माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्श्याचा. म्हणजे अडीच फुटांची भिंत सव्वा सेंटिमीटर जाड हवी. तुझा पुठ्ठा फार पातळ आहे.

त्याने निमूटपणे नवी भिंत केली. थर्माकोल कापला नाही, हाताने मोडला. ढिगारा दोन्ही बाजूंना टाकला. मध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चौकट उभी केली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आत्या ते पाहायला आली. आता तिची पाठ वाकली आहे. सैनिकाच्या पातळीवर यायला तिला वेगळे वाकावे लागले नाही. बराच वेळ तिने पाहिले.

"ह्यात राहतं कोण रे?"

"कुणीच नाही, आजी. आडोशाला आहे. गोळ्या चुकवायला."

तिने हात पुढे केला. माझ्या छातीत धस्स झाले. पण तिने फक्त ती भिंत उचलली, तळहातावर ठेवली आणि दोनदा वरखाली करून तोलून पाहिली.

"लई हलकी हाय," ती म्हणाली. "आमची अशीच पाहिजे होती."

मग तिने ती जपून, होती तिथेच, परत ठेवली. सांडलेला गेरू पदराने पुसून मुलाला म्हणाली, "चौकटीला उंबरा कर. उंबऱ्याबिगर दार नसतं."

चिरंजीव उंबरा करायला बसले. मी काडी कापून दिली.