सहेरीनंतरच्या झोपेतही मास्क हवा

रमजान आला की मंगरूळपीरच्या रात्रीचे वेळापत्रक बदलते. इशा आणि तरावीहची नमाज आटोपून घरी येईपर्यंत उशीर होतो. पहाटे सहेरीसाठी उठायचे, फजरची नमाज पढायची आणि मग पुन्हा तास-दोन तास आडवे व्हायचे. झोपेचे असे दोन तुकडे पडतात. हरिनाम सप्ताहात रात्रीचे कीर्तन आणि पहाटेचा काकडा दोन्ही साधणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. निरोगी माणूस हे निभावून नेतो. पण ज्यांना रोज ‘सीपॅप’ यंत्राचा मास्क लावून झोपावे लागते, त्यांनी झोपेच्या दुसऱ्या तुकड्याकडे नीट लक्ष द्यायला हवे.

‘स्लीप अ‍ॅप्निया’ या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट पुन्हा पुन्हा बंद होते. तासाला ५ वेळा किंवा त्याहून जास्त असे घडले तर आजार मानतात. ३० च्या पुढे तो तीव्र असतो. घरचे लोक ‘घोरायची सवय आहे’ म्हणून सोडून देतात. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले. त्यानंतर अनेकांनी हा शब्द प्रथम ऐकला.

ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर सीपॅपचा उपाय मांडला. यंत्र खोलीतलीच हवा हलक्या दाबाने आत सोडते आणि वाट उघडी ठेवते. मात्र चष्म्यासारखे हे यंत्रही लावले तेवढा वेळच उपयोगी. पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो, स्नायू तेव्हा सर्वाधिक सैल असतात आणि श्वास अडकण्याचे प्रकार बहुधा वाढतात. सहेरीनंतर नेमकी हीच झोप बिनमास्कची जाते.

त्यामागे आळसापेक्षा शंका अधिक असते. रोजा सुरू झाला, आता मास्क लावला तर तो तुटेल का? जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्येच ऑक्सिजन वायूने रोजा तुटत नाही असे मत दिले आहे. सीपॅप तर साधी हवाच देते. प्रश्न उरतो तो हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीचा. त्याबद्दल आपल्या आलिमांना विचारावे. तोवर टाकीचे गरम करणे बंद ठेवून आणि पाणी काढूनही बहुतेक यंत्रे चालतात. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. इथे तर रोजा आणि उपचार दोन्ही साधतात.

दुसरी गोष्ट यंत्राच्या देखभालीची. दिवसभर घसा कोरडा पडला की दोष रोजावर जातो. अनेकदा मास्कमधून हवा गळत असते. दाढी वाढली, चेहऱ्यावर तेल राहिले किंवा मास्कची मऊ गादी कडक झाली की तो नीट बसत नाही. गादी रोज पुसावी. मास्क आणि नळी आठवड्यातून एकदा कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. फिल्टर धुळीने काळा पडण्याची वाट न बघता माहितीपत्रकाप्रमाणे बदलावा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि ते रोज बदलावे. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर जमतो. त्या पाण्यात अत्तर किंवा निलगिरीचा थेंबही टाकू नये. वीज जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टरवर यंत्र किती वेळ चालते, हे आधीच तपासावे.

यंत्राचा मॉडेल आणि सिरियल क्रमांकही लिहून ठेवावा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज कमी करणारा फोम झिजण्याच्या शक्यतेमुळे जगभरातून लाखो यंत्रे परत मागवली. क्रमांक हाताशी असेल तर अशा सूचनेत आपले यंत्र आहे का, ते कळते.

आणि डॉक्टर. यंत्र घेतले की काम संपले, असे समजून अनेक जण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. वर्षातून एकदा तरी यंत्रातली नोंद दाखवावी: रोज किती तास वापर, किती गळती, अजून तासाला किती वेळा श्वास अडतो. हा शेवटचा आकडा सहसा ५ च्या खाली हवा. वजन बरेच वाढले-घटले, घोरणे परतले किंवा दुपारी गाडी चालवताना डोळा लागू लागला, तर वर्षाची वाट पाहू नये. हवेचा दाब बदलावा लागू शकतो. बीपी किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर रोजातल्या त्यांच्या वेळाही त्याच भेटीत ठरवाव्यात.

घरच्यांचे काम सोपे आहे. सहेरीची भांडी आवरली, नमाज झाली आणि अब्बा किंवा आजोबा पुन्हा आडवे झाले की तोंडावर मास्क आहे का, एवढे बघायचे.