उपग्रहांचा मागोवा

पृथ्वीभोवती कक्षेत फिरणारे कृत्रिम उपग्रह, प्रक्षेपकांचे रिकामे टप्पे व इतर निरुपयोगी तुकडे यांचे वारंवार वेध घेऊन त्यांच्या कक्षा निश्चित करणे आणि त्यांवरून त्यांच्या पुढील स्थानांचे भाकीत करणे, या कार्यास उपग्रहांचा मागोवा असे म्हणतात. चालू उपग्रह स्वतःचे रेडिओ संकेत पाठवीत असल्याने त्याचा मागोवा तुलनेने सोपा असतो. बंद पडलेला उपग्रह किंवा स्फोटात उडालेला पत्र्याचा तुकडा मात्र मुका असतो. त्याच्यावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश किंवा रडार तरंग एवढाच त्याचा पुरावा. सुमारे ४०० किमी. उंचीवरील वस्तू सेकंदाला ७.७ किमी. वेगाने जाते व ९२ मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करते. त्यामुळे वेधाच्या वेळेत एका सेकंदाची चूक झाली, तर स्थानात साडेसात किमी. हून अधिक चूक होते. या क्षेत्रात दुर्बिणीइतकेच घड्याळालाही महत्त्व आहे ते यामुळे.

इतिहास व वेधपद्धती : रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याचे २०.००५ व ४०.००२ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतांचे संकेत जगभरातील हौशी रेडिओ-चालकांना ऐकू येत होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर व जॉर्ज वाइफेनबाख यांनी हे संकेत नोंदविले. उपग्रह जवळ येताना कंप्रता किंचित वाढलेली व दूर जाताना घटलेली आढळते (डॉप्लर परिणाम). या बदलाच्या आलेखावरूनच उपग्रहाची कक्षा काढता येते, असे त्यांनी दाखविले. कक्षा माहीत असेल, तर उलट रीतीने ग्राहकाचे स्थान काढता येईल, हे फ्रँक मक्‌लूर यांच्या ध्यानात आले व त्यातून ट्रान्झिट ही उपग्रहीय मार्गनिर्देशन प्रणाली निर्माण झाली.

दृक् वेधांसाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन खगोल भौतिकीय वेधशाळेने फ्रेड व्हिपल यांच्या नेतृत्वाखाली दोन योजना आखल्या. पहिलीत हौशी निरीक्षकांचे गट लहान दुर्बिणी याम्योत्तर वृत्ताच्या दिशेने ओळीत लावून बसत व उपग्रह कोणाच्या दृष्टिक्षेत्रातून कोणत्या क्षणी गेला याची नोंद करीत. दुसरीत बेकर-नन कॅमेरे बसविण्यात आले. सुमारे ५० सेंमी. द्वारकाचा हा कॅमेरा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहाचे छायाचित्र घेई. जगातील अशा बारा केंद्रांपैकी एक नैनिताल येथे उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेत १९५८ मध्ये सुरू झाले. दृक् वेधांची मोठी अडचण अशी की, निरीक्षक अंधारात व उपग्रह उन्हात असावा लागतो. खालच्या कक्षेतील उपग्रहांच्या बाबतीत ही स्थिती मुख्यत्वे संध्याकाळी व पहाटेच लाभते, आणि त्यातही आकाश निरभ्र असावे लागते.

रडारला दिवस, रात्र वा ढग यांचा अडथळा होत नाही. परंतु परत येणाऱ्या प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. त्यामुळे सुमारे ३५,८०० किमी. उंचीवरील भूस्थिर कक्षेतील वस्तूंसाठी आजही प्रामुख्याने दुर्बिणींचाच आश्रय घ्यावा लागतो. खालच्या कक्षेत सुमारे १० सेंमी. व भूस्थिर कक्षेत सुमारे १ मी. आकारापर्यंतच्या वस्तू नियमितपणे सापडतात, असे दीर्घकाळ मानले जात आले आहे. मार्शल बेटांपैकी क्वाजालीन येथे २०२० मध्ये कार्यान्वित झालेल्या अमेरिकी रडारामुळे ही मर्यादा आणखी खाली आली.

सूची : सापडलेल्या प्रत्येक वस्तूस अमेरिकेच्या लष्करी सूचीत एक क्रमांक मिळतो. या सूचीत पहिला क्रमांक स्पुटनिक-१ चा नसून तो वाहून नेणाऱ्या अग्निबाणाच्या गाभ्याचा आहे. उपग्रहाचा क्रमांक दुसरा. याखेरीज एक आंतरराष्ट्रीय खूण असते. तीत प्रक्षेपणाचे वर्ष, त्या वर्षातील प्रक्षेपणाचा अनुक्रम व वस्तूचे अक्षर दिलेले असते. कक्षेचा तपशील प्रत्येकी ६९ स्थानांच्या दोन ओळींत मांडण्याचा प्रघात छिद्रपत्रांच्या काळापासून आहे. हा तपशील सोयीचा खरा, पण त्यात एक उणीव आहे : दिलेले आकडे किती विश्वसनीय आहेत, हे त्या दोन ओळी सांगत नाहीत. वस्तूचे स्थान प्रारंभीच सुमारे १ किमी. ने चुकलेले असू शकते व दिवसागणिक ही चूक वाढत जाते.

चूक वाढण्याचे मुख्य कारण म्हणजे विरळ उच्च वातावरणाचा रोध. सूर्य अधिक क्रियाशील असतो तेव्हा हे वातावरण तापून फुगते व रोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह एका भूचुंबकीय वादळामुळे वातावरणात परतून नष्ट झाले. याच रोधाचा उलट उपयोगही झाला आहे. ब्रिटनमधील डेझमंड किंग-हेली यांनी उपग्रहांच्या कक्षा कशा आकसत जातात याचा अभ्यास करून उच्च वातावरणाच्या घनतेचे मापन केले. व्हॅनगार्ड-१ हा मार्च १९५८ मधील चिमुकला अमेरिकी उपग्रह मात्र इतक्या उंच कक्षेत आहे की, तो अद्यापि फिरतोच आहे.

टकरीचा धोका : १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबीरियावर सुमारे ७९० किमी. उंचीवर इरिडियम-३३ हा चालू अमेरिकी संदेशवहन उपग्रह व कॉसमॉस-२२५१ हा निकामी रशियन उपग्रह यांची टक्कर झाली. सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ११.७ किमी. होता व सूचीत नोंदता येण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे निर्माण झाले. दोन्ही उपग्रहांच्या कक्षा आधीपासून ठाऊक होत्या. उघड माहितीवर आधारलेल्या भाकितानुसार ते एकमेकांपासून ५८४ मी. अंतरावरून जावयाचे होते आणि त्या दिवसाच्या यादीत याहून जवळून जाणाऱ्या अनेक जोड्या होत्या. म्हणजे उणीव वेधांची नव्हती, तर अचूकतेची होती. शेकडो मीटरांची अनिश्चितता असता प्रत्येक इशाऱ्यावर उपग्रह हलवू गेल्यास त्याचे इंधन अल्पावधीत संपेल. न हलविल्यास कधीतरी टक्कर होईल. आता सामान्यतः टकरीची संभाव्यता दहा हजारांत एक याहून अधिक दिसल्यास उपग्रह हलविण्याचा विचार करतात.

हेतुपुरस्सर केलेल्या नाशाची भर याहून मोठी आहे. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी स्वतःचा फंग्युन-१सी हा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे सूचीबद्ध झाले. भारताने २७ मार्च २०१९ रोजी केलेली अशीच चाचणी २८० किमी. च्या आसपास, बऱ्याच खालच्या कक्षेत होती. त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. काही मात्र बरेच उंच फेकले गेले. त्यापूर्वी १९ डिसेंबर २००१ रोजी भारताच्या पीएसएलव्ही-सी ३ प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याचा कक्षेत स्फोट होऊन तीनशेवर तुकडे झाले होते. तेव्हापासून या टप्प्यातील उरलेले इंधन सोडून देण्याची व्यवस्था करण्यात आली. यूरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार सुमारे ४० हजार वस्तूंचा मागोवा घेतला जातो, १ सेंमी. हून मोठ्या तुकड्यांची संख्या मात्र बारा लाखांवर असावी. एवढासा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो.

गोपनीयता व हौशी निरीक्षक : सूची लष्कराच्या हाती असल्याने तीत गुप्त उपग्रहांच्या कक्षा प्रसिद्ध होत नाहीत. ही उणीव हौशी निरीक्षक भरून काढतात. याचे नामांकित उदाहरण इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलचे आहे. तेथील भौतिकीचे शिक्षक जेफ्री पेरी व त्यांचे विद्यार्थी एका साध्या रेडिओ-ग्राहकावर रशियन उपग्रहांचे संकेत नोंदवीत. मार्च १९६६ मधील कॉसमॉस-११२ ची कक्षा ज्ञात प्रक्षेपण तळाशी जुळेना. त्याच वर्षी सुटलेल्या आणखी एका उपग्रहाची कक्षा वेगळ्या कलाची होती. या दोन कक्षांचे भूपृष्ठावरील मार्ग मागे वाढविले असता ते उत्तर रशियातील प्लेसेत्स्कजवळ छेदले. तेथे नवा तळ असल्याचा निष्कर्ष या शाळेने जाहीर केला. रशियाने त्या तळाचे अस्तित्व मान्य केले ते १९८३ मध्ये.

भारतातील कार्य : भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या मागोवा जालाचे मुख्य केंद्र बंगळूर येथे आहे. श्रीहरिकोटा येथील रडार एका वेळी दहा वस्तूंचा मागोवा घेऊ शकते. टकरींचे इशारे तपासणारे स्वतंत्र केंद्र बंगळूर येथे जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. उड्डाणापूर्वी प्रक्षेपकाचा मार्गही सूचीतील वस्तूंशी ताडून पाहावा लागतो : ३० जुलै २०२३ रोजी पीएसएलव्ही-सी ५६ चे उड्डाण एक मिनिट, तर त्याच महिन्यात चंद्रयान-३ चे उड्डाण चार सेकंद याच कारणाने पुढे ढकलले गेले.

२ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून आकाशात जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग दिसली व चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे ३ मी. व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात धातूचे गोलही सापडले. त्या सुमारास कोणती वस्तू वातावरणात शिरणार होती व तिचा मार्ग कोठून जात होता, हे सूचीवरून पाहता हे अवशेष चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग-३ बी प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे मत तज्ञांनी दिले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अशा वस्तूमुळे जमिनीवर झालेल्या हानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राकडून मागता येते. कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला रशियन उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलरची मागणी केली व १९८१ मध्ये तीस लाख कॅनडियन डॉलरवर तडजोड झाली. पडलेला तुकडा कोणाचा हे ठरविण्यास त्याच्या कक्षेची नोंद हाच मुख्य आधार असतो.