वद्य दशमीची पहाट

गाझियाबादच्या आमच्या शाखेत बसून समुद्राची कल्पना करणे अवघड आहे. शहरातून हिंडन नदी वाहते खरी. परंतु तिच्या काठी उभे राहिल्यावर मासे आठवत नाहीत, खिशातला रुमाल आठवतो. मासळी हवी असेल तर दिल्लीच्या हद्दीतले गाझीपूर गाठावे लागते. तेथे शेकडो कोसांवरून बर्फात निजून आलेली सुरमई आपल्याकडे अनोळखी नजरेने पाहते. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीकाठी बालपण घालवलेल्या माणसाने याहून अधिक काय लिहावे!

गेल्या पौषात तीन दिवसांची रजा काढून गावी गेलो, त्याला कारण मासळी नव्हते. नानांचा, म्हणजे माझ्या काकांचा, फोन आला होता. नाना एस.टी.तून निवृत्त झालेले. फंडाची रक्कम त्यांनी मुदत ठेवीत ठेवली आहे आणि त्या पावतीकडे ते देव्हाऱ्यातल्या टाकाइतक्याच आदराने पाहतात. त्यांच्या मुलाच्या, माझ्या धाकट्या चुलतभावाच्या, मनात पर्यटकांसाठी चार कयाक घेण्याचे होते. एक त्याने मित्राकडून वापरून पाहण्यासाठी आणलीही होती. उरलेल्या पैशांसाठी ठेव मोडावी, असा त्याचा आग्रह. घरात आठवडाभर बोलाचाली बंद होती. ‘तू बँकेत आहेस, तूच काय ते सांग,’ असे म्हणून नानांनी तो चेंडू माझ्याकडे टोलवला.

मंगला एक्सप्रेसने रत्नागिरीस उतरलो. रात्री जेवताना दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले आणि कागद-पेन्सिल मागितली. नाना म्हणाले, ‘‘कागद उद्या. पहाटे आधी ते प्लास्टिक पाण्यात घालून बघ. दशमी आहे.’’

दशमी आहे, या दोन शब्दांत एक पुरे गणित आहे. कोकण किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि दशमीला साडेसात वाजता पूर्ण भरती. प्रतिपदेपासून पुढे दर दिवशी सुमारे पाऊण तास वाढतो, म्हणून हा हिशेब जुळतो. मिनिटांचा फरक पडेल, पण होडी वाळूत रुतून बसणार नाही. शिवाय अष्टमीच्या आगेमागे भांग असते, म्हणजे चंद्र-सूर्यांची ओढ परस्परांना काटकोनात येते आणि भरती-ओहोटीचा जोर उतरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ज्या पाण्याला मोठ्या होड्याही वचकून असतात, तेच पाणी दशमीला नवशिक्याला सांभाळून घेते. एम.कॉम.ला सांख्यिकीचा पेपर देऊनही मला हे नीट उमगले ते त्या रात्री ओटीवर.

पावणेसहाला आम्ही निघालो. नाना त्यांच्या लाकडी होडीत, मी कयाकमध्ये. चंद्राची कोर माथ्याकडे चढली होती आणि थंडी चांगलीच बोचत होती. कयाक हा शब्द आणि ती वस्तू, दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. सीलचे कातडे हाडांच्या किंवा वाहून आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर ताणून ते शिकारीसाठी ही नाव करीत. आजची कयाक प्लास्टिकची असते. तिच्यात नव्हे, तिच्यावर बसायचे, दोन टोकांचे वल्हे डावी-उजवीकडे मारायचे. ती होडीपेक्षा हलकी, एकट्याने उचलून नेता येते आणि पाण्यावर इतकी मुकाट सरकते की मासा दचकत नाही, हे मान्य करायलाच हवे. नानांनी ते मान्य केले नाही.

आम्हाला जायचे होते भाट्याच्या पुलाकडे, म्हणजे खाडीच्या मुखाच्या दिशेने. आत येणारी भरती समोरून, म्हणून हात भरून आले. मी कुरकुरलो तेव्हा नाना म्हणाले, ‘‘अरे, जाताना पाणी समोरून असलेलं बरं. दमलास आणि थांबलास तर ते तुला घरी आणून सोडेल. ओहोटीत उलटं असतं.’’

पुलाच्या खांबांपाशी पोचलो तेव्हा पूर्व उजळू लागली होती. पलीकडच्या टेकडीवर थिबा राजवाड्याची रेषा दिसू लागली. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली हा वाडा उभा राहिला आणि १९१६ साली राजा येथेच वारला. लहानपणी आम्ही त्या वाड्याकडे पाहून गळ टाकत असू. आता मी स्वतःच बदलीवर असलेला माणूस असल्याने त्याच्याविषयी थोडी अधिक आस्था वाटते. असो.

खांबांच्या सावलीत तांबोशी दबा धरून असते. जिवंत कोळंबी गळाला लावून दोरी सोडली. वीस मिनिटे काहीच नाही. मग पाणी मंदावले आणि दोरीला असा हिसका बसला की कयाक अर्धी फिरली. हाताएवढी, तांबूस झाक असलेली तांबोशी वर आली. नानांनी होडीतून मान डोलावली; त्यांच्याकडून एवढे मिळणे म्हणजे पदोन्नतीच.

दुसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा शिंगाळा आला. त्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना करवतीसारखे विषारी काटे असतात, हे मला ठाऊक होते. तरीही बारा-पंधरा वर्षांची खुर्चीची सवय! घाईने गळ सोडवू गेलो आणि एक काटा अंगठ्यात शिरला. हात झटकला, मासा पाण्यात गेला आणि मांडीवर आडवे ठेवलेले वल्हेही गेले.

कळ खांद्यापर्यंत पोचली. पण ती सोसता आली असती. खरी गोष्ट त्यानंतर ध्यानी आली. भरती संपली होती, पाणी थबकले होते. आणि पहाटेपासून पाठीशी असलेला मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, आता एकटाच उरला होता. लाकडाची होडी पाण्यात खोल बसते. कयाक मात्र वाळल्या पानासारखी वर तरंगते. पूल मागे पडू लागला. पुढे मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा दिसत होता. मी हातांनी पाणी ओढू लागलो, ते जवळजवळ निरुपयोगी होते. अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते, कारण ते आणलेच नव्हते. त्या क्षणी मला गाझियाबादमधील घर आठवले, पहिलीत जाणारी मुलगी आठवली, हे लिहिण्यात संकोच वाटत नाही.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी गळाची दोरी कापून टाकली, आधी वाटेतले वल्हे उचलले, मग तिरपी होडी घालून मला गाठले आणि नांगराचा दोर माझ्या कयाकच्या कडीत ओवला. परतताना ओहोटी लागली होती. वारा आणि पाणी दोन्ही समोरून. सत्तरीला टेकलेला माणूस आणि अंगठा सुजलेला बँक अधिकारी यांनी मिळून वल्ही मारली. उधाणाची तिथी असती तर हा लेख कदाचित लिहिला गेला नसता. घरी काकूंनी सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावला. त्याने कळ खरोखर उतरते.

दुपारी कागद-पेन्सिल आली. भावाच्या अंदाजपत्रकात चार कयाक होत्या, फलक होता, छत्र्या होत्या. जीवरक्षक जाकिटे नव्हती, वल्हे कयाकला बांधणारा पट्टा नव्हता, विमा नव्हता आणि पावसाळ्याचे बिनकमाईचे चार महिनेही नव्हते. हे त्याला दाखवताना मला अंगठा वर करण्याची गरज पडली नाही. चारऐवजी दोन कयाक धरल्या, वाचलेल्या पैशांत बाकीचे बसवले. राहिला प्रश्न ठेवीचा. मुदत ठेव मोडली की व्याजाचा दर घटतो आणि बहुधा दंडही बसतो. उलट त्याच पावतीवर कर्ज घेतले तर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के अधिक व्याज पडते आणि ठेव जागच्या जागी राहते. नाही फिटले तर मात्र वसुली त्याच ठेवीतून होते, हेही दोघांना स्पष्ट सांगितले. वडिलांच्या पावतीला हात लावायचाच नसेल तर मुलाने २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेखाली स्वतःच्या नावे अर्ज करावा, हा दुसरा मार्ग. त्यात तारण लागत नाही. पण हप्ता त्याच्या शिरावर.

मुलाने दुसरा मार्ग धरला. नाना काही बोलले नाहीत. ठेवीची पावती कपाटात परत ठेवून आले आणि जेवायला बसले. तांबोशीचे कालवण होते. आठवड्याने प्रथमच दोघे एकाच वेळी पानावर होते.

सोमवारी शाखेत रुजू झालो तेव्हा व्हाउचरवरील माझी सही जुळेना; अंगठा अजून वाकत नव्हता. फाल्गुनात नानांचा फोन आला. कर्ज मंजूर झाले, दोन कयाक आल्या. वल्ह्याचे पट्टे दुकानातले आले होते, ते त्यांना कच्चे वाटले. म्हणून नांगराच्या दोराचे तुकडे कापून त्यांनी स्वतःच्या हाताने बांधले आहेत.