दोषशोधनाचे शास्त्र : एमजीबी मोटारीची घरगुती देखभाल

इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या काठी, ॲबिंग्डन नावाचे एक जुने गाव आहे. ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ या विक्री-दुरुस्तीच्या पेढीतून सेसिल किंबर यांच्या कल्पकतेने उदयास आलेल्या एमजी कंपनीने १९२९ साली या गावातील चामड्याच्या एका कारखान्याच्या रिकाम्या इमारतींत आपला मुक्काम हलविला, आणि पुढे अर्धशतकभर तेथून चपळ, ठेंगण्या, उघड्या मोटारी बाहेर पडत राहिल्या. त्यांतील सर्वांत बहुप्रसव ठरली ती सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली आखलेली एमजीबी. सप्टेंबर १९६२ मध्ये ती लोकांपुढे आली, १९६५ मध्ये तिला जीटी हे छताचे भावंड मिळाले, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला टाळे लागेपर्यंत पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या. त्यांतला मोठा हिस्सा समुद्रापार अमेरिकेत गेला. पुष्कळशा आजही धावतात, आणि ज्या धावतात त्यांतील कितीतरी घराशेजारच्या गॅरेजात मालकाच्याच हातून दुरुस्त होत आल्या आहेत.

या मोटारीच्या चाहत्यांइतकेच तिचे निंदकही बोलके आहेत. इंग्रजी मोटार म्हणजे तेलाची गळती, पावसात मिटणारे दिवे आणि ऐन प्रवासात रुसणारे इंजिन, अशी एक कैफियत दोन पिढ्यांपासून सांगितली जाते. परंतु या तक्रारींचा तपशील शांतपणे उलगडून पाहिला, तर त्यांतील बहुतेकांचे मूळ ॲबिंग्डनच्या आराखड्यात नव्हे, तर नंतरच्या पन्नास-साठ वर्षांच्या उपेक्षेत, आणि त्याहीपेक्षा अधिक, तपासापूर्वीच केलेल्या दुरुस्तीत सापडते, असे माझे निश्चित मत आहे. कारण कळण्याआधी भाग बदलावा, बदललेल्या भागाने नवा दोष आणावा, आणि दोहोंची गुंतागुंत पुढच्या मालकाच्या माथी यावी, हा क्रम जितक्या जुन्या मोटारींच्या मुळावर आला, तितका गंजसुद्धा आला नसेल.

यंत्राची घडण

एमजीबीच्या इंजिनात नवलाचे काही नाही, आणि हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे. ओतीव लोखंडाचे, चार सिलिंडरांचे, १,७९८ घन सेंटिमीटरचे हे इंजिन ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ या घराण्यातले. त्याच घराण्यातील १,४८९ घन सेंटिमीटरचे धाकटे भावंड १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या आपल्या ॲम्बॅसडरमध्ये बसविले जाऊ लागले. ज्या मिस्त्रींनी सरकारी कचेऱ्यांच्या आवारात उभ्या असलेल्या ॲम्बॅसडरचे टॅपेट फीलर गेजने लावले, पॉइंट कानशीने साफ केले आणि हेडचे नट ठरल्या क्रमाने आवळले, त्यांच्यापुढे एमजीबीचे बोनेट उघडून ठेवले असते, तर त्यांना परकेपणा मुळीच वाटला नसता. १९६४ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती, त्यानंतर पाच झाली. एवढा फरक वगळला तर अठरा वर्षे इंजिनाचा मूळ पिंड तोच राहिला.

या साधेपणाचा अर्थ असा की येथे प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते किंवा साध्या मापाने मोजता येते. वाल्वची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५ इंच, ठिणगीचा क्रम १-३-४-२ : ही मापे मोटारीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेतच छापलेली असत, कारण मालकाने ती स्वतः तपासावीत, अशी त्या काळच्या कारखानदाराची अपेक्षाच होती.

तपासाचा क्रम

इंजिन ‘मिसिंग’ करू लागले की अननुभवी हात प्रथम कार्ब्युरेटरकडे वळतो, कारण तो समोर दिसतो आणि त्याचे नट सहज फिरतात. अनुभवी माणूस मात्र त्याला सर्वांत शेवटी स्पर्श करतो. त्यामागे केवळ रूढी नसून कार्यकारणभाव आहे. वाल्व नीट मिटत नसेल तर सिलिंडरात दाब टिकत नाही. दाब नसेल तर उत्तम ठिणगीही निष्फळ. आणि ठिणगीच अवेळी किंवा अशक्त पडत असेल, तर पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण कितीही बारकाईने लावले, तरी ते एका चुकीवर बसविलेली दुसरी चूक ठरते. म्हणून आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट, मग पॉइंट, कन्डेन्सर आणि टायमिंग, आणि या सर्वांची खातरजमा झाल्यावरच कार्ब्युरेटर, हा क्रम मोडू नये.

टॅपेट लावताना आठ वाल्वच्या या इंजिनात नवाचा नियम उपयोगी पडतो : जो वाल्व पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करावा, आणि उरेल त्या क्रमांकाच्या वाल्वची फट मोजावी. पहिला पूर्ण उघडा तर आठवा मोजायचा, तिसरा उघडा तर सहावा.

कन्डेन्सर हा दिसायला क्षुद्र, पण फसवा भाग. पॉइंट उघडतात त्या क्षणी तेथे उडू पाहणारा विद्युत्प्रवाह तो स्वतःत घेतो. त्यामुळे कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळते आणि प्लगवर जोरदार ठिणगी पडते. तो दुर्बळ झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटांतच जळू लागते, आणि हा दुर्बळपणा पुष्कळदा इंजिन तापल्यावरच प्रकट होतो. सकाळी उत्तम चालणारी मोटार दुपारी रस्त्यात थांबते, तासाभराने पुन्हा चालू होते, आणि मालक पेट्रोल चढत नाही या समजुतीने पंप बदलतो. वास्तविक पंपाची परीक्षा सोपी आहे. मागील भागात बसविलेला एसयूचा विजेचा पंप इग्निशन चालू करताच किटकिट वाजतो आणि कार्ब्युरेटरची वाटी भरताच थांबतो. न थांबता वाजत राहिला तर टाकी रिकामी आहे, नळी हवा घेते आहे किंवा पेट्रोल कोठेतरी वाहून जाते आहे. मुळीच वाजला नाही तर त्याचे पॉइंट किंवा त्याची वीज तपासावी.

एसयू कार्ब्युरेटर

एमजीबीवरील जुळ्या कार्ब्युरेटरांचे नाव ‘स्किनर्स युनियन’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. पादत्राणांच्या व्यवसायातील कुटुंबात जन्मलेल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५च्या सुमारास ही रचना सिद्ध केली, आणि तिच्या आद्य नमुन्यात चामड्याचा भाता होता. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली, तत्त्व मात्र टिकले. इंजिन जितकी हवा ओढते तितका पिस्टन वर उचलला जातो; त्याच्या तळाशी निमुळती होत गेलेली एक सुई असते, ती जेटच्या भोकातून वर सरकली की भोवतालची वाट रुंदावते आणि पेट्रोल वाढते. हवा आणि इंधन यांचे प्रमाण अशा रीतीने एकाच हालचालीने साधले जाते.

पिस्टनच्या माथ्यावरील नळीत थोडे पातळ तेल घालावे लागते. त्याचे प्रयोजन वंगणाचे नसून विलंबाचे आहे : ॲक्सिलरेटर एकदम दाबला असता पिस्टन उसळू नये, क्षणभर मागे राहावा आणि तेवढ्यापुरते मिश्रण दाट व्हावे, अशी ती योजना. हे तेल आटले की मोटार वेग घेताना अडखळते; आणि केवळ चमचाभर तेलाअभावी चांगल्या कार्ब्युरेटरांची मोडतोड झाल्याची उदाहरणे विपुल आहेत.

दोन कार्ब्युरेटर जुळविण्यासाठी आधी त्यांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करावेत, आणि रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा सूत्कार ऐकावा. दोहोंकडे तो सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवावेत. त्यानंतर मिश्रण. पिस्टन उचलण्याच्या खिळीने तो सुमारे पाऊण मिलिमीटर, म्हणजे इंचाचा बत्तिसावा हिस्सा, वर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट आहे. वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद पडू लागले तर पातळ आहे. किंचित वाढून पूर्ववत झाला तर प्रमाण योग्य. जेटखालील षट्कोनी नट वर चढविल्यास मिश्रण पातळ होते, खाली उतरविल्यास दाट. एका वेळी एकच पैलू फिरवावा, आणि प्रत्येक फेरबदलानंतर इंजिनाला स्थिरावण्यास अवसर द्यावा. कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कोणत्या बदलाने झाली हे कोणालाच सांगता येत नाही.

विजेचा मार्ग

बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांच्या कंपनीला इंग्रजी मोटारवाल्यांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी देऊन शतकाची अपकीर्ती तिच्या पदरी बांधली. ही पदवी मला अन्यायाची वाटते. एमजीबीत वीज तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती मोटारीच्या पत्र्यातून; तारांचे सांधे गोळीसारख्या टोकांचे असून पितळी नळीत खोचलेले असतात. पत्र्यावर गंज चढला, सांध्यावर हिरवा थर बसला की अर्थिंग बिघडते, विरोध वाढतो आणि दिवा मंदावतो. दिव्यावरील विद्युद्दाब दहाव्या हिश्श्याने घटला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, हे लक्षात घेतले म्हणजे अपराधी दिवा की गंजलेला बोल्ट, याचा निवाडा करणे अवघड नाही.

यावरची परीक्षा पाच मिनिटांची आहे. दिवा पेटता ठेवावा, व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला आणि दुसरे दिव्याच्या धातूच्या अंगाला लावावे. काटा शून्यालगत राहिला तर परतीचा मार्ग निर्दोष. अर्धा व्होल्टही दिसला तर तेवढी वीज गंजात खर्च होते आहे. सांधा सोडवून, पत्रा चकचकीत घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळला की बहुधा काम होते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. जुनी मोटार हाती आली की प्रथम याची खात्री करून घ्यावी. तारांचे रंगही एक शिस्त पाळतात : तपकिरी सदैव वीजयुक्त, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, तांबडा छोट्या दिव्यांचा, काळा अर्थिंगचा. सुरुवातीच्या मोटारींत फ्यूज दोनच होते. म्हणून वायपर आणि दिशादर्शक दिवे एकदम बंद पडले, तर दोन बिघाड न शोधता त्यांच्या सामाईक हिरव्या तारेच्या उगमाकडे जावे.

पत्र्याचे दुखणे

इंजिन क्षमाशील आहे, पत्रा नाही. एमजीबीला वेगळी चासी नसून सारा भार तिचे शरीरच पेलते, आणि त्यातही दारांखालील सिल, म्हणजे अनेक पत्र्यांच्या थरांची पोकळ पेटी, हा तिचा खरा आधार. पुढच्या चाकांनी उडविलेला चिखल मडगार्डच्या मागील कोपऱ्यात साचतो, ओल धरतो आणि सिल आतून कुजवतो. बाहेरून मात्र रंग शाबूत दिसतो. जोते खचले की घराची चौकट आवळते आणि दार अडते, त्याप्रमाणे येथेही दाराच्या फटीवरून निदान होते : मोटार जॅकवर उचलताना दाराच्या वरच्या कडेची फट मिटू लागली, तर सिलची जोडणी मोडकळीस आली आहे, असे समजावे. असा सिल कापण्यापूर्वी शरीर समपातळीवर टेकवून दारांच्या चौकटीत आडवा आधार जोडलाच पाहिजे. न जोडता केलेले वेल्डिंग मोटारीला कायमची वाकडी करून ठेवते. जेथे पत्रा उपचारापलीकडे गेला आहे, तेथेही मार्ग खुंटलेला नाही, कारण ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साच्यांवरच एमजीबीची नवी शरीरे घडविली.

खालच्या बाजूस निघालो आहोत तोवर पुढच्या सस्पेन्शनचाही उल्लेख केला पाहिजे. प्रत्येक बाजूच्या स्विव्हल पिनवर ग्रीसची तीन तोंडे आहेत, आणि दर ३,००० मैलांना त्यांत ग्रीस भरावे हा जुना दंडक आहे. हे न पाळल्याने पिन झिजते, आणि स्टीअरिंग सैल झाल्याचा दोष मग रॅकवर घातला जातो. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. आणि जुन्या ब्रेक-लायनरांत ॲस्बेस्टस असल्याने ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये.

आजची जबाबदारी

काळ बदलला तसे नवे दोष आले. १ जानेवारी २००० पासून ब्रिटनमध्ये शिशायुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, आणि शिशाचे संरक्षण गेल्यामुळे वाल्वच्या मऊ बैठका झिजू लागल्या. उपाय म्हणून हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात. सप्टेंबर २०२१ पासून तेथे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल रूढ झाले, भारतात तर हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल जुने रबर मऊ करते आणि पाणी शोषून घेते. म्हणून इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलसह टिकणाऱ्या जातीच्या घालणे, ही आज चैन नव्हे, आगीपासूनचा बंदोबस्त आहे.

मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपलीकडील, मूळ स्वरूप न बदललेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती राहिली नाही. भारतात २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपलीकडील मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली, आणि तेथेही शरीर व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा ही अट घातली. दोन्ही देशांच्या कायद्याने अशा रीतीने मालकावर विश्वास टाकला आहे. सरकारी निरीक्षक मागे हटला की निरीक्षणाचे कर्तव्य संपत नाही. ते मालकाच्या दप्तरात येते.

म्हणून ज्याने अशी मोटार बाळगली आहे त्याने एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, मैल, लक्षण, घेतलेले माप, केलेला एकच बदल आणि त्याचा परिणाम एवढे लिहावे, आणि मोटार विकताना ती वही कागदपत्रांबरोबर पुढच्या मालकाच्या स्वाधीन करावी. एमजीबीच्या कर्त्यांनी मालकाला समजू शकेल असे यंत्र दिले. ते समजून घेऊन, समजले ते लिहून ठेवणे, हा त्या यंत्राच्या देखभालीचाच एक भाग आहे, आणि त्यावाचून केलेली कोणतीही दुरुस्ती अपुरीच राहते.